पार्श्वभूमी

वादळ जाऊन अकरा आठवडे झाले
तेव्हा ऑडेसा टिलमन आमच्या कचेरीत आली.
बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
टोकन नंबर चव्वेचाळीस.

फॉर्म सतरा पानांचा आहे.
नवव्या पानावर लिहिलंय :
आपत्तीपूर्वी झाडे उभी होती, याचा पुरावा जोडावा.
हे वाक्य मी दिवसातून तीसदा वाचून दाखवते
आणि दर वेळी समोरचा माणूस
आधी माझ्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर,
जशी काही झाडं पार्किंगमध्ये येऊन थांबलीयत.

दक्षिण जॉर्जियातल्या मोठ्या बागवाल्यांकडे
ड्रोनचे नकाशे असतात, विम्याच्या फायली, वकील.
एकाने तर खोडाखोडावर बारकोड ठोकलाय.
ऑडेसाकडे डबा होता.

“झाडांचे फोटो कोण काढतं, बाई?
माणसं उभी करतो आपण, झाडांपुढे.”

पहिला फोटो तिच्या लग्नाचा.
लूशसचा सूट उसना, बाह्या मनगटाच्या वर.
मी त्याच्या खांद्यावरून मागे गेले
पेन्सिलीचं टोक टेकवत :
पहिल्या रांगेत पेकानची सात, दुसरीत पाच,
एकावर नवरीच्या डोक्यावरची जाळी उडालेली.
ते अर्धंच दिसतं.
अर्धं झाड रकान्यात बसत नाही.

मग कॉर्डेल, फुटबॉलच्या कपड्यात, दात नसलेला :
मागे तीन.
मग कुणाची तरी नवी गाडी :
काचेत उलटी पडलेली दोन, ती आधीच मोजलेली.
मग लूशसची माती.
घडीच्या खुर्च्या, हातातले कागदी पंखे,
आणि सगळ्यांवर हिरवं, गच्च, ऑगस्टमधलं छप्पर.
इथे मला बराच वेळ लागला.
रडणाऱ्यांच्या मधून खोडं वेगळी करायची
म्हणजे डोकी हलायला हवीत थोडी.

ती गप्प बसून होती.
मग फोटोच्या कडेला बोट ठेवून म्हणाली,
“इथे हे गवतावर काळं पडलंय ना,
ते पूर्वेकडचं झाड. फोटोत आलं नाही.
सावली आलीय.
धराल का?”

मी नियमांचं पुस्तक काढलं.
फळ आहे, पान आहे, साल, मूळ, कलम,
तीस अंशांपेक्षा जास्त कललेलं खोड आहे.
सावलीबद्दल काही नाही.
नाही, म्हणजे मनाईही नाही.
मी एकोणीस लिहिलं.

पान अकरा : पुनर्लागवड करणार का?
पेकानला धरायला आठ-दहा वर्षं,
नीट भरायला वीस.
ऑडेसा एकाहत्तर.
तिने ‘हो’वर इतकी जोरात फुली मारली
की बाराव्या पानावरही ती उमटली,
जिथे मृत लाभार्थीच्या वारसांची नावं विचारतात.

वसंतात वॉशिंग्टनहून गुणक आला :
मंजूर रकमेच्या सदतीस टक्के.
अर्ज फार, पैसा तेवढाच.
मी चव्वेचाळीस जणांना फोन केले.
शिव्या दिल्या बऱ्याच जणांनी, एक जण रडला,
ऑडेसाने विचारलं, लग्नाचा फोटो परत कधी मिळेल.

तो परत करताना पाहिलं :
माझ्या पेन्सिलीचे आकडे खोडांवर तसेच,
आणि चुकून एक, बहुधा आठ,
लूशसच्या कानाजवळ.
मी खोडरबर शोधायला लागले.
“राहू दे,” ती म्हणाली,
“तोही उभाच होता तेव्हा.”

काल पाकीट आलं. आत एकच फोटो.
उघडं लाल रान, पांढऱ्या नळ्यांत घातलेली रोपं,
गुडघ्याएवढी.
पुढे माणूस कोणी नाही.
मागे तिच्या अक्षरात :
मोजायला सोपं जावं म्हणून बाजूला झाले.

नीट झाली नाहीय मात्र.
तिची सावली पडलीय पहिल्या दोन रोपांवर,
हॅटसकट.

कोणी मागितला नव्हता.
मी फाइलला लावला.